रेलीनचे धूसर फोटो

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट मॅडर्नची गावपत्रिका महिन्याच्या पहिल्या गुरुवारी निघायची, आणि तिची बाराच्या बारा पानं गेली सतरा वर्षं व्हर्ना ट्रेझाइझ एकटी लावायची. गव्हाची आवक किती झाली, नेटबॉलमध्ये कोण हरलं, कोणाची बोट विकायची आहे, कोणाला नात झाली, कोण गेलं. शाळेच्या ऑफिसात कारकून असताना हे काम तिच्या गळ्यात पडलं होतं. निवृत्तीनंतर तेच तिच्या गळ्यातला दागिना झालं. जुन्या बँकेच्या इमारतीतल्या मागच्या खोलीची किल्ली फक्त तिच्याकडे असायची. तिथल्या कॉम्प्युटरला चालू व्हायलाच चार मिनिटं लागत, पण त्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या. गावात कोणाचा फोटो नीट येत नसेल, मजकूर चौकटीबाहेर सांडत असेल, तर लोक म्हणत, व्हर्नाला विचारा. हे वाक्य कानावर पडलं की ती वर बघायची नाही, पण तिचा दिवस चांगला जायचा.

मग तिची धाकटी बहीण रेलीन गावी परत आली.

रेलीन बत्तीस वर्षं अ‍ॅडलेडमध्ये लग्नांचे फोटो काढायची. दोन नवरे केले, दोन्ही सोडले, नाव मात्र माहेरचंच ठेवलं. साठाव्या वर्षी ती कॅमेऱ्याच्या तीन पेट्या आणि एक म्हातारी मांजर घेऊन आली आणि बेकरीच्या मागचं छोटं घर तिने भाड्याने घेतलं. व्हर्ना तिला ‘माझ्याकडे राहा’ म्हणाली नाही, आणि रेलीननेही विचारलं नाही.

दोन महिन्यांत गाव तिच्यावर लट्टू झालं. बेकरीवाल्या डॉटने तिने काढलेला आपल्या ओव्हनचा फोटो भिंतीवर टांगला. बोलिंग क्लबच्या म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी टाय बांधले. व्हर्ना जाईल तिथे कोणीतरी म्हणे, “तुझ्या बहिणीचा हात म्हणजे सोनं गं.” व्हर्ना मान डोलवायची. घरी येऊन भांडी जरा आपटून धुवायची.

हे दुखणं जुनं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सहा वर्षं तिचं सगळं व्हर्नाने केलं. घरी येणाऱ्या नर्सला आई सांगायची, “माझी रेलीन फोटो काढते. मोठमोठ्या लोकांच्या लग्नांत.” नर्स विचारायची, आणि ही? आई म्हणायची, “ही व्हर्ना. ही इथेच असते.” शेवटच्या दिवशी व्हर्ना ओल्या फडक्याने आईचं तोंड पुसत होती. आईने डोळे अर्धवट उघडले आणि म्हणाली, “रेलीन, आलीस का गं?” व्हर्ना म्हणाली, “हो, आले.” हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी गावच्या बोटींच्या धक्क्याला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. त्यावर एक पुस्तक काढावं ही कल्पना व्हर्नाचीच. तिने ती गावच्या समितीपुढे मांडली, कोणती पानं कुठे येतील याचा कच्चा आराखडाही दाखवला. समितीचा अध्यक्ष कॉलिन हॅनफर्ड. एके काळी तो सिलोंवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांवर, मॅनेजर होता, आता धक्क्यावर बसून स्क्विड मासे पकडायचा. हळू बोलणारा, विधुर, गावात सगळ्यांना हवासा. व्हर्नाला जरा जास्तच.

“छान होईल,” कॉलिन म्हणाला. “आणि नशीब बघा, फोटो काढायला आपल्याकडे रेलीन आहे. मुखपृष्ठावर तिचंच नाव टाकू. मोठ्या अक्षरात.”

“आणि व्हर्नाचं?” डॉटने विचारलं. ती समितीवर होती.

“व्हर्नाचं आतल्या पानावर आहेच की, आभारांमध्ये. आपलं घरचंच माणूस.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नानेही.

मार्चमध्ये काम सुरू झालं. एका मंगळवारी दुपारी रेलीन बँकेच्या खोलीत आली, हातात डॉटकडच्या दोन लॅमिंग्टन केकची पिशवी. फोटो तिने आदल्या दिवशीच आणून दिले होते आणि व्हर्नाने पहिली सोळा पानं लावून ठेवली होती. रेलीन तिच्या खुर्चीच्या मागे उभी राहून पडद्याकडे बघू लागली.

“व्हर्न, हे असं का दिसतंय?”

“कसं?”

“धूसर. हा धक्का बघ ना. खांबांच्या कडा साबणासारख्या झिजल्यात.”

असं का दिसतं हे व्हर्नाला स्वतःच्या हाताच्या रेषांइतकं ठाऊक होतं. पानं लावायच्या त्या प्रोग्राममध्ये फोटो काही पानावर येऊन बसत नाही. तो आपल्या फोल्डरमध्येच राहतो, आणि पानावर दिसते ती त्याची हलकी, घाईघाईने काढलेली नक्कल, कॉम्प्युटरला धाप लागू नये म्हणून. छापताना प्रोग्राम फोल्डरमधून खरा फोटो उचलतो. व्हर्नाचं मशीन जुनं, म्हणून हलक्या नकला दाखवायची सोय तिनेच लावून ठेवली होती. वरच्या यादीतला एक शब्द बदलला की खांबांवरचे शिंपले मोजता आले असते. सतरा वर्षांत तिने हे निदान तीस जणांना दाखवलं होतं. लोक काळवंडलेल्या तोंडाने यायचे, माझा फोटो बिघडला म्हणून, आणि ही एक कळ दाबून त्यांना हसत घरी पाठवायची. आत्ताही तिचा हात आपसूक माउसकडे गेला.

तो तिथेच थांबला.

“मूळ फोटोच तसा असेल,” ती म्हणाली.

आता रेलीन भांडेल असं तिला वाटलं. रेलीन लहानपणापासून हवामानाशीसुद्धा वाद घालायची. पण रेलीनने चष्मा काढला, स्वेटरच्या कडेने पुसला, परत लावला आणि पुन्हा पाहिलं.

“असेल,” ती म्हणाली. “उद्या परत काढते.”

लॅमिंग्टन तिथेच विसरून ती गेली. व्हर्नाने एक खाल्ला. बहिणीने आपल्यापुढे मान खाली घातल्याचं तिला आठवत नव्हतं. इतका स्वस्तात मिळालेला विजय तिला पुरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर रेलीन सिलोच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याने वर चढत होती, कठड्याला हात लावत, एकेक पायरी. धक्का तिथून पूर्ण दिसतो. खाली कॉलिन थर्मास घेऊन उभा होता. जिना वापरायची परवानगी त्यानेच काढून दिली होती. उतरल्यावर दोघं त्याच्या गाडीला टेकून चहा प्यायले. व्हर्नाचा टोस्ट करपला.

नवे फोटो आले. पडद्यावर तेही अर्थातच धूसर दिसले.

“कागदावर काढून दाखव,” रेलीन म्हणाली. “पडद्याचा काय भरवसा.”

इथवर व्हर्नाने फक्त एक गोष्ट सांगायची टाळली होती. आता तिने एक गोष्ट मुद्दाम केली. ईमेलने धाडायला बारीक फाइल काढायची जी सोय असते, ज्यात फोटो पार चिरडून टाकले जातात, ती निवडून तिने आठ पानांचं प्रूफ काढलं आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरवर छापलं. प्रिंटर घरघरत असताना ती पाठमोरी उभी राहिली.

रेलीन ते कागद घेऊन खिडकीपाशी गेली. जवळ धरले, लांब धरले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. व्हर्नाच्या मनात आलं, ही लहानपणापासून नाटकी आहे.

“कागदावरही तसंच आहे,” रेलीन म्हणाली.

“मग मी काय सांगत होते?”

“माझ्या लॅपटॉपवर बरे वाटतात गं मला.”

“वाटतात,” व्हर्ना म्हणाली. एवढा एकच शब्द, पण तिने तो नीट टोक काढून वापरला.

पुढच्या आठवड्यात ती बेकरीत गेली तेव्हा डॉट काउंटरवर वाकून कुजबुजली, “रेलीनला झालंय तरी काय? पुन्हा सिलोवर चढली म्हणे. काल इथे बसली होती, चहाला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, या पुस्तकानंतर कॅमेरे विकून टाकते.”

“अगं, वय झालं की होतं असं,” व्हर्ना म्हणाली.

“तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे ती.”

“माझं काम बसून असतं.”

त्या दिवशी तिने खिमा-बटाटा भरलेली एक मोठी पेस्टी घेतली आणि धक्क्यावरच्या बाकावर बसून अख्खी संपवली. ऊन कोवळं होतं, सीगल पायाशी घुटमळत होते. किती दिवसांनी अन्नाला चव लागली होती. लाज वाटली का, तर वाटली, पण पेस्टी संपल्यावर, आणि तीही थोडीच.

शनिवारी सकाळी कॉलिनचा फोन आला. रेलीन सिलोच्या जिन्यावरून पडली होती. वरून नाही, खालच्या तीन-चार पायऱ्यांवरून. डावं मनगट मोडलं होतं आणि कपाळाला खोक पडली होती. व्हर्नाने गाडी काढली आणि साठ किलोमीटरवरच्या इस्पितळात पोचली. कॉलिन बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्या शर्टाच्या बाहीवर रक्त वाळलं होतं.

“शेवटच्या पायऱ्या तिला दिसल्याच नाहीत,” तो म्हणाला.

“घाईत असेल. तिला सदा घाई.”

“घाई नव्हती.” कॉलिनने तिच्याकडे बघितलं. “व्हर्ना, उजव्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे ना?”

“काय ठाऊक आहे?”

मग त्याने सांगितलं. रेलीनच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग आला होता. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. दर सहा आठवड्यांनी पोर्ट लिंकनच्या दवाखान्यात जाऊन डोळ्यात सुई घ्यावी लागते. त्यापायीच अ‍ॅडलेडमधलं काम सोडून ती आली होती. “मीच नेतो गाडीतून. तुला कामं असतात असं ती म्हणाली.”

“मला कोणी विचारलंच नाही.”

“डावा डोळा अजून शाबूत आहे. त्या जोरावर चाललं होतं तिचं. पण फोटो धूसर येताहेत म्हटल्यावर ती हबकली. डावाही गेला का, असं विचारायला डॉक्टरांना फोन केला तिने. ते म्हणाले तपासू, पंधरा तारखेला या. तोवर रोज उठून स्वतःची परीक्षा घेते आहे बिचारी. म्हणून तर सारखी सिलोवर.”

खरं सांगायचं तर व्हर्नाच्या मनात पहिल्यांदा कणव आली नाही. पहिल्यांदा आलं ते हे, की रेलीनने कॉलिनला सांगितलं. मला नाही. त्याच्या गाडीत शेजारी बसून दोन तास जायला, दोन तास यायला. हे सगळं मनात येऊन गेल्यावर मग बाकीचं आलं. रेलीन खिडकीपाशी उभी राहून एकेक डोळा मिटून बघत होती ते तिला दिसलं. कागदावर काय होतं, आणि ती त्यात काय शोधत होती.

आत जाऊन सांगावं म्हटलं तर आत गर्दी. डॉट होती, नेटबॉलच्या दोघी होत्या, कोणी फुलं आणलेली, कोणी घरी शिजवलेलं कॅसरोल. सगळ्या रेलीनभोवती. व्हर्ना दारातच उभी राहिली. एवढं सगळं कळल्यावरसुद्धा तिच्या मनाचा एक कोपरा म्हणालाच, मी गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन केलं तेव्हा एक कॅसरोल आलं होतं. एक.

सोमवारी रेलीन घरी आली. व्हर्नाने तिला गाडीत घातलं आणि बँकेच्या खोलीत आणलं. खुर्चीत बसवलं. कॉम्प्युटर चालू होईपर्यंतची चार मिनिटं दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. मग व्हर्नाने धक्क्याचं पान उघडलं, वरच्या यादीत गेली आणि तो एक शब्द बदलला.

क्षणभर काही झालं नाही. मग फोटो वरून खाली उलगडत गेला, तसे खांबांवरचे शिंपले दिसले, दोरांचे पीळ दिसले, टोकाला बसलेल्या माणसाच्या टोपीवरची शिवण दिसली.

रेलीन पुढे वाकली. “हे काय केलंस?”

“काही नाही. दाखवायची पद्धत बदलली. फोटो आधीपासूनच असा होता.”

“आधीपासून म्हणजे?”

“पहिल्या दिवसापासून.”

रेलीनने मान वळवली. तिच्या कपाळावर पट्टी होती आणि डोळ्याखाली निळं झालं होतं. “तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तो कागद?”

“तो मीच तसा छापला.”

बाहेर धान्याचा एक ट्रक गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

“मी सिलोवर चार वेळा चढले, व्हर्न.”

“तीन.”

“चार. एकदा तुला न सांगता गेले होते. तू हसशील म्हणून.” रेलीनचा आवाज चढला नाही, तेच व्हर्नाला सोसवेना. “मी रोज सकाळी उठून समोरच्या पाकिटावरची अक्षरं वाचते. आज किती गेली ते बघायला. तू असं का केलंस?”

व्हर्नाने उत्तर तयार करून ठेवलं होतं. मुखपृष्ठावरच्या नावाचं, सतरा वर्षांचं. तोंडातून निघालं ते दुसरंच.

“आई जाताना तुझं नाव घेऊन गेली. तोंड मी पुसत होते.”

“मग? मी सांगितलं होतं तिला, माझं नाव घे म्हणून?”

“नाही.”

“तिचा राग माझ्या डोळ्यांवर काढलास.”

“डोळ्यांचं मला ठाऊक नव्हतं.”

“आणि ठाऊक असतं तर?”

व्हर्नाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. रेलीन उठली. गाडी नको म्हणाली. प्लास्टरमधला हात छातीशी धरून, भिंतीच्या कडेकडेने ती चालत घरी गेली.

पुढचे अकरा दिवस दोघी बोलल्या नाहीत. पंधरा तारखेला कॉलिन रेलीनला पोर्ट लिंकनला घेऊन गेला. संध्याकाळी तो व्हर्नाच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

“डावा डोळा तसाच आहे. फार काही बिघडलेलं नाही,” तो म्हणाला. “मला तिने सगळं सांगितलंय. मी समितीत बोलणार नाही. तुझ्यासाठी नाही, पुस्तकासाठी.”

“बरं.”

“ती म्हणते, पुस्तक थांबवायचं नाही. पण तू एकूण एक फोटो पूर्ण आकारात बघायचा, आणि नीट आहे की नाही ते लिहून द्यायचं. आकड्यासकट. खाली तुझी सही.”

“माझ्यावर भरवसा आहे तिचा?”

“नाही,” कॉलिन म्हणाला. “म्हणून तर सही.”

फोटो होते एकशे त्रेसष्ट. व्हर्नाला तीन दिवस लागले. एकेक फोटो उघडायचा, मोठा करायचा, कडा बघायच्या, माणूस असेल तर पापण्या बघायच्या. बहिणीचं काम ती पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होती. ते चांगलं होतं. किती चांगलं आहे हे कळायला तिला सतरा वर्षांची नजर होती, आणि तेच जास्त लागत होतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्त्याऐंशी नंबरचा फोटो आला. हॉलच्या स्वयंपाकघरात चहासोबतचे स्कोन पाव करणाऱ्या बायका. मोठा केला तरी तो धूसरच राहिला. तिने पद्धत बदलून पाहिली, फोल्डरमधला मूळ फोटो वेगळा उघडून पाहिला. मागच्या भिंतीवरचं घड्याळ लख्ख होतं, बायकांची तोंडं मात्र पिठासारखी. तिसऱ्या दिवसाअखेर असे नऊ निघाले. सगळे घरातले, कमी उजेडातले, रेलीनच्या जुन्या लेन्सने काढलेले. ती लेन्स हाताने फिरवून नेमकी करावी लागते. रेलीनला ती फार प्रिय होती, यंत्रापेक्षा माझा डोळा बरा असं ती म्हणायची. कॉलिनचा फोटोही त्या नवांत होता.

पहिला सापडला तेव्हा व्हर्नाच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. आनंदच होता तो, दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. नववा सापडेपर्यंत तो विझला होता आणि त्याच्या जागी भीती आली होती. हे मी सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? आणि सगळ्या आकड्यांपुढे ‘ठीक’ लिहून दिलं तर? रेलीनला बरं वाटेल. मग मोठ्या अक्षरातल्या तिच्या नावाखाली नऊ फोटो धूसर छापले जातील आणि गाव ते बघेल. बहिणीचं मन राखणं काय आणि तिच्यावर सूड उगवणं काय, दोन्ही त्याच एका शब्दात उरकणार होतं. व्हर्ना बराच वेळ पेन हातात धरून बसली. मग तिने नऊ आकडे लिहिले, प्रत्येकापुढे ‘धूसर, मूळ फोटोच’ असं लिहिलं आणि सही केली.

रेलीन तो कागद घेऊन तडक खोलीत आली. कॉलिन तिच्या मागे.

“पुन्हा सुरू केलंस?” ती म्हणाली. “तेच शब्द, व्हर्न. मूळ फोटोच.”

“या वेळी खरं आहे.”

“खोटं बोलणाऱ्याचं हे बरं असतं, प्रत्येक वेळी ‘या वेळी’ असतं.”

“कॉलिनला बघू दे,” व्हर्ना म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

कॉलिन बसला. चष्मा कपाळावर चढवून त्याने नऊही फोटो एकेक करून पाहिले. त्याला कसली घाई नव्हती. स्वतःच्या फोटोवर आल्यावर तो थांबला.

“मला मिशा आहेत ना?” त्याने विचारलं.

“आहेत,” रेलीन म्हणाली.

“यात नाहीत.” त्याने चष्मा खाली घेतला. “रेलीन, ती खरं बोलते आहे.”

रेलीन प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसली. तिने तो कागद घडी करून खिशात घातला, परत काढला, परत घातला. “म्हणजे जुनी लेन्स गेली,” ती म्हणाली. लेन्स गेली नव्हती हे तिघांनाही ठाऊक होतं, पण कोणी दुरुस्त केलं नाही. व्हर्नाला वाटलं पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवावा. तिला ते जमलं नाही. तिने तिच्यासाठी चहा केला.

“नऊच्या नऊ परत काढायचे,” रेलीन चहा अर्धा झाल्यावर म्हणाली. “अ‍ॅडलेडहून नवी लेन्स मागवते. तीच सगळं आपोआप नेमकं करते.”

“मी येऊन बघू का, प्रत्येक वेळी, नीट आलाय का ते?”

“तुझ्यापेक्षा यंत्र बरं,” रेलीन म्हणाली.

मे महिन्यात हॉलमध्ये पुस्तकाचं प्रकाशन झालं. मुखपृष्ठावर रेलीनचं नाव मोठ्या अक्षरात आणि व्हर्नाचं आत, आभारांच्या यादीत, चौथं. ती यादी व्हर्नानेच लावली होती. आपलं नाव वर घ्यायचा हक्क आता राहिला नाही असं तिला वाटलं, आणि वर न घेतल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. रेलीनच्या डोळ्याची बातमी एव्हाना गावभर झाली होती. त्यामुळे कौतुकाला भलताच ऊत आला. डोळे असे आणि फोटो असे, म्हणत बायका डोळ्यांना रुमाल लावत होत्या. व्हर्ना चहाच्या टेबलामागे उभी होती. सगळं करून सवरून, सगळं कबूल करूनही तिच्या पोटात तो जुना निखारा धगधगत होताच. पानं कोणी लावली ते विचारा की, असं तिला वाटत होतं. कोणी विचारलं नाही. डॉटने विचारलं ते एवढंच, की दूध संपलं का.

जूनमध्ये एका संध्याकाळी रेलीनचा फोन आला. पहिल्यांदाच.

“मंगळवारी मला लिंकनला जायचंय. कॉलिनची बोट दुरुस्तीला आहे, तो तिकडे अडकलाय. तुला वेळ आहे का?”

“आहे,” व्हर्ना म्हणाली.

जाताना दोन तासांत दोघी मांजरीच्या पोटदुखीबद्दल आणि रस्त्याच्या कामाबद्दल बोलल्या. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने रेलीनला बघताच हातातलं काम टाकलं. तिच्या आजीने ते पुस्तक विकत घेतलं होतं.

“काय फोटो आहेत हो,” ती म्हणाली. “आणि किती सुंदर मांडलेत.”

“मांडले मी,” व्हर्ना म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

“हो,” रेलीन म्हणाली. “हिनेच. मधे पंधरा दिवस धूसरही करून ठेवले होते.”

मुलीला ती थट्टा वाटली, ती हसली. व्हर्नाने टेबलावरचं एक मासिक उचललं आणि खुर्चीत बसून उगाच उघडलं. आतून नर्सने रेलीनचं नाव पुकारलं. रेलीनने आपली पर्स काढून व्हर्नाच्या मांडीवर ठेवली आणि दाराची चौकट हाताने चाचपत आत गेली.

परतीच्या वाटेवर रेलीनच्या डोळ्यावर पट्टी होती. अर्ध्या रस्त्यात त्या पेट्रोल भरायला थांबल्या. व्हर्नाने दोघींसाठी चिप्स घेतल्या आणि गाडीतच बसून दोघींनी त्या खाल्ल्या.

“पुढची तारीख अठ्ठावीस जुलै,” रेलीन म्हणाली. “येशील?”

“कॉलिनला विचार आधी. त्याची सवय आहे तुला.”

“विचारलं. तो मोकळा आहे त्या दिवशी. तरी तुला विचारतेय.”

व्हर्नाने बोटांवरचं मीठ पुसलं आणि गाडी सुरू केली. पंपाबाहेर काढून तिने ती हमरस्त्याला लावली.

“किती वाजता निघायचं?” तिने विचारलं.